हरणासाठी रायफलची गोळी निवडताना

कॅलिबरवरून (नळीच्या व्यासावरून) वाद घालणं आधी सोडा. हरीण जागेवर पडतं ते गोळीच्या बांधणीमुळे, आणि अर्थात ती कुठे लागली त्यामुळे. .308 कॅलिबरमध्ये 150 ते 165 ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक), .270 मध्ये 130, .243 मध्ये 95 ते 100 ग्रेन. वजनाचा विषय इथेच संपतो.

शिशाचा गाभा आणि तांब्याचं आवरण असलेली साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) गोळी, वेग साधारण 1800 फूट प्रति सेकंदापर्यंत उतरला तरी, नीट फुलते, म्हणजे लागल्यावर पुढून पसरते. पण वेगवान काडतुसातून अगदी जवळून खांद्याच्या हाडावर बसली, तर आवरण गाभ्यापासून सुटतं, तुकडे होतात आणि मांस नासतं. तिथे बाँडेड, म्हणजे गाभा आवरणाला पक्का जोडलेली गोळी घ्या.

निव्वळ तांब्याची गोळी वजन राखते, बहुधा आरपार जाते. मात्र फुलायला तिला 2000 च्या आसपास वेग लागतो. म्हणून .308 मध्ये 165 ऐवजी 150 ग्रेन घ्या, हलकी गोळी जास्त वेगात सुटते. शिवाय तेवढ्याच वजनात ती लांब असते, नळीतल्या आट्यांचा पीळ कमी असेल तर नेम विखुरतो.

फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकासकट धातूचं आवरण असलेली, न फुलणारी गोळी नकोच. बारीक भोक पाडून निघून जाते आणि जखमी जनावर दूर पळतं. बऱ्याच ठिकाणी शिकारीत तिला बंदीही आहे.

काडतुसं एकाच लॉटची (उत्पादनाच्या एकाच खेपेची) घ्या आणि त्यांच्यावरच रायफल झिरो करा, म्हणजे नेम जुळवून घ्या.