सिंगापूर ते न्यूयॉर्क: अंतर आणि वेळेचा हिशोब

तिकिटावर 'नॉन-स्टॉप, १८ तास ४० मिनिटं' असं वाचलं आणि वाटलं, पैसे भरण्याआधी हा आकडा येतो कुठून ते बघावं. सिंगापूरचं चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचं जेएफके.

भिंतीवरच्या नकाशाने काहीच कळेना. पृथ्वीगोल घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो ना प्रशांत महासागरावरून गेला ना अटलांटिकवरून. सरळ वर सरकून उत्तर ध्रुवाला जवळजवळ टेकला. कारण साधं आहे. चांगी १०४ अंश पूर्वेला, जेएफके ७३.८ अंश पश्चिमेला, म्हणजे दोघं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर. त्यामुळे इथे त्रिकोणमितीशिवायही काम भागतं. चांगीचा अक्षांश १.४ उत्तर, म्हणजे तिथून ध्रुव ८८.६ अंशांवर. जेएफकेचा ४०.६, म्हणजे ध्रुवापासून खाली ४९.४. बेरीज १३८ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की उत्तर येतं सुमारे १५,३४५ किलोमीटर. कॅल्क्युलेटरवर रीतसर सूत्र घालून पाहिलं, फरक किरकोळ निघाला.

अंतराचं काम असं दहा मिनिटांत उरकलं. खरी गंमत वेळेत आहे.

ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर १७ तास येतात. मग वरचे १०० मिनिटं कसले? एक तर तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगत जाणं, चढणं, उतरणं सगळं त्यात आलं. दुसरं म्हणजे विमान त्या दोऱ्यावरून उडेलच असं नाही. न्यूयॉर्ककडे जाताना ते बऱ्याचदा प्रशांत महासागरावरून लांबची वाट धरतं, कारण तिथे जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, पाठीशी असतो. किलोमीटर वाढतात, पण वारा ढकलतो. या मार्गावरच्या ए३५०-९००यूएलआर विमानाचा पल्ला १८,००० किलोमीटर का ठेवलाय, तेही यातून कळतं. वाऱ्याचा परिणाम लंडन–न्यूयॉर्कला सगळ्यात स्वच्छ दिसतो: अंतर तेच ५,५४० किलोमीटर, पण पश्चिमेला जाताना साधारण आठ तास आणि परतताना सात.

आकाश बंद असेल तर मग विचारूच नका. २०२२ मध्ये युरोपच्या विमानांचं रशियावरून उडणं थांबलं आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. विमानतळ जागचे हलले नव्हते!

उरला घड्याळांचा गोंधळ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १२ तास मागे असतं, हिवाळ्यात १३. मी उन्हाळा धरून कागदावर मांडलं: रात्री ११:३० ला निघालं तर न्यूयॉर्कला सकाळी ६:१०, म्हणजे घड्याळात जेमतेम पावणेसात तास गेले. परतीला तितकाच वेळ धरून १ तारखेला रात्री १० ला निघालं, तर सिंगापूरला उजाडते ३ तारीख, पहाटे ४:४०. मधली २ तारीख जवळजवळ सगळी हवेतच. रजेच्या अर्जात परतीच्या बाजूला म्हणून एक दिवस जास्त टाकला आणि मगच पैसे भरले.