एन्सेनाडाच्या गाडीवरचं दुपारचं जेवण

सॅन डिएगोहून सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला लोक बहुतेक वाइनसाठी जातात, नाहीतर ला बुफादोरा इथला समुद्राच्या पाण्याचा उंच उडणारा फवारा बघायला. आम्ही निव्वळ जेवायला गेलो, तेही रस्त्यावरच्या गाडीवर. ‘ला गेरेरेन्से’ ही गाडी १९६० पासून या गावात आहे. लोपेझ मातेओस आणि आल्वारादो हे रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर ती सापडते. टीव्हीवर जगभर खात फिरणारे अमेरिकी शेफ अँथनी बोर्डेन यांनी तारीफ केल्यापासून तिथे पर्यटकांची रांग लागते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र पुढची बरीचशी मंडळी गावचीच दिसत होती, आणि ही मला जास्त खात्रीची खूण वाटते.

मागवायचं ते ‘एरिसो कॉन आल्मेहा’. टोस्टाडावर, म्हणजे तळलेल्या कडक मक्याच्या चकतीवर, समुद्री अर्चिन या काटेरी, गोल जिवाचा मऊ, केशरी गर, त्यावर कच्च्या शिंपल्यांचे तुकडे आणि वर अवोकाडोच्या फोडी. पहिला घास साल्सा, म्हणजे तिथली चटणी, न घालता घ्या. अर्चिन आधी खारट लागतो, मग गोडसर, आणि लोण्यासारखा जिभेवर विरघळतो. शिंपला तेवढा दाताखाली करकरतो. चकती भिजायला वेळ लागत नाही, तेव्हा फोटो एकच काढा आणि खायला लागा. हातातून पडणारच, म्हणून थोडं पुढे वाकून उभं राहायचं.

खरी मजा बाटल्यांत आहे. घरच्या साल्सांची अख्खी रांगच समोर मांडलेली असते. त्यातली शेंगदाणे घातलेली, तेलातली मिरची सोडू नका. पण ती अर्चिनवर ओतू नका, सगळी चव ती एकटीच खाते. माशाच्या सेविचेवर (लिंबात मुरवलेल्या कच्च्या माशावर) किंवा ऑक्टोपसवर मात्र हवी तेवढी घ्या. तिखट नको असेल तर ‘सिन पिकांते’ म्हणायचं. समुद्री काकडीही मिळते, ती भाजी नव्हे, समुद्रातला जीव. मला ती चिवट वाटली, नवऱ्यानं मात्र दुसरी मागवली. एका वेळी एकच टोस्टाडा मागवा. सगळे एकदम घेतले की शेवटचा लगदा होतो.

लाल अर्चिन पकडायला मार्च ते जून बंदी असते. तो ताजा खायचाच असेल तर हिवाळा बरा. क्रूझ जहाज बंदरात लागलेलं असेल तर गर्दी वाढते, म्हणून बाराच्या आत पोचा. गाडी कोणत्या वारी बंद असते तेही निघण्याआधी बघून घ्या. डॉलर गावात चालतात, पण हिशेब पेसोत सोपा जातो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. लिंबात मुरवलेलं म्हणजे शिजलेलं नव्हे, लिंबानं सगळे जंतू मरत नाहीत. गरोदर बायकांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी कच्च्या शिंपल्यांच्या वाटेला जाऊ नये. शाकाहारी सोबत्याला घेऊन गेलात तर त्याची सोय दुसरीकडे करावी लागेल.

सीमेला लागून असलेल्या तिहुआनाहून एन्सेनाडाला जाणारा समुद्राकाठचा टोलरस्ता साधारण शंभर किलोमीटरचा आहे, वाटेत तीन टोलनाके. स्वतःची गाडी नेणार असाल तर मेक्सिकोचा वेगळा विमा काढाच, अमेरिकेतला तिथे धरत नाहीत. भाड्याची गाडी सीमेपलीकडे न्यायला बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत, आधी विचारा. नाहीतर सीमा पायी ओलांडायची आणि तिहुआनाहून बस धरायची. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही. मात्र अमेरिकेचा व्हिसा एकाच प्रवेशाचा नाही ना, हे निघण्याआधी बघा, परत तुम्हालाच यायचं आहे.

जेवण झाल्यावर जवळच्या मासळीबाजारात, मेर्कादो नेग्रोत, चक्कर मारा. पण रविवारी असाल तर फार रेंगाळू नका. संध्याकाळी सान यसिद्रोच्या सीमेवर गाड्यांची रांग तासन्‌तास हलत नाही.