‘आहे’ किती परींचे?

ठाण्यात तलावपाळीवर फिरताना ‘तलावात होड्या आहेत’ असे मनाशी म्हटले आणि जाणवले की ल्हासाच्या तिबेटी बोलीत हे वाक्य इतक्या सहज उच्चारता येणार नाही. होड्या स्वतः पाहिल्या असतील तर ‘दुक्’, ती सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणून सांगायची असेल तर ‘योरे’, आणि होडी माझीच असेल तर ‘यो’; म्हणजे क्रियापद निवडतानाच ही माहिती आपल्यापर्यंत कशी आली हेही सांगून टाकावे लागते. स्पॅनिशमध्येही ‘असणे’ दोन आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. परंतु तिथे प्रश्न स्वभावाचा की अवस्थेचा, एवढाच असतो: ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तयार आहे. कायमचे ते ‘सेर’ आणि तात्पुरते ते ‘एस्तार’, हा शिकवणीतला नियम मला अपुराच वाटतो, कारण मेलेल्या माणसालाही ‘एस्ता मुएर्तो’ असेच म्हणतात (आणि त्याहून कायमचे काय असणार?). आपल्या ‘साखर गोड असते’ आणि ‘चहा गोड आहे’ यांतला भेद स्पॅनिशच्या थोडा जवळ जातो. ऐकीव माहितीसाठी आपल्याकडे ‘म्हणे’ आहे; पण ‘इथे पूर्वी पुष्कळ तलाव होते म्हणे’ यातून तो शब्द गाळला तरी व्याकरण बिघडत नाही. तिबेटी क्रियापद ही मुभा देत नाही.