सतरा चोक अडुसष्ट

पदवीची परीक्षा झाल्यावर निकाल लागेपर्यंतचे दोन महिने मी सोलापुरातल्या चादरींच्या एका ठोक दुकानात वही लिहायला बसत असे. एका संध्याकाळी नगांच्या हिशेबात १८ चा फरक आला आणि तो काही केल्या सापडेना. दुकानाचे दिवाणजी पूर्व भागात राहणारे, घरी तेलुगू बोलणारे होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी वहीकडे नजरही टाकली नाही. ‘‘फरकाला नवाने भाग जातोय ना? मग आकडे उलटे पडलेत कुठंतरी, तेवढं बघ,’’ असे म्हणून ते सुपारी कातरत बसले. त्यांचे खरे निघाले. ६८ चादरींच्या जागी मी ८६ लिहून ठेवल्या होत्या.

दशकाच्या घरातला अंक एककात आला की त्याची दहापट किंमत एकपट होते, म्हणजे नऊपट कमी होते. एककातून दशकात गेलेल्या अंकाची तेवढीच वाढते. त्यामुळे अंकांची अदलाबदल झाली की पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीतच असतो. हे बीजगणित मी पदवीपर्यंत शिकलो होतो, पण ते वहीत कसे शोधायचे हे अण्णांना ठाऊक होते. माझ्या चुकीचा थोडा दोष मी मराठीवरही टाकतो. ‘अडुसष्ट’ म्हणताना कानावर आठ आधी येतात आणि साठ मागून, लिहिताना मात्र सहा आधी लिहावा लागतो. अण्णांच्या तेलुगूत ‘अरवै एनिमिदि’ आणि कन्नडमध्ये ‘अरवत्तेंटु’. दोन्हीकडे साठ आधी येतात आणि आठ नंतर. तीन भाषांच्या या गावात हा आकडा लिहिताना अडखळायचे ते मराठी माणसानेच.

तेव्हापासून ६८ या संख्येशी माझे नाते जडले. खरे तर सोलापूरकराला तिची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, आणि दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वज पेलत, ‘भक्तलिंग हर्र, बोला हर्र’च्या गजरात, त्या लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात. सात काठ्यांत अडुसष्ट लिंगे वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला नऊ येतील आणि पाच उरतील, हा हिशेब मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून केला होता. काठ्या लिंगे वाटून घेत नाहीत, सगळ्या मिळून सगळीकडे जातात, हे वडिलांनी सांगितल्यावर मला फार हायसे वाटले होते.

गणिताच्या दृष्टीने पाहिले तर ही संख्या प्रथमदर्शनी काहीशी अवघड स्वभावाची आहे. साठ किंवा बहात्तर नगांचा गठ्ठा दुकानदाराला आवडतो, कारण त्या दोन्ही संख्यांना प्रत्येकी १२ विभाजक आहेत आणि माल हव्या तशा थप्प्यांत रचता येतो. ६८ ला फक्त सहा: १, २, ४, १७, ३४ आणि ६८. दोनदा निम्मे केले की हाताशी सतरा उरतात आणि तिथे वाट खुंटते, कारण सतरा ही मूळ संख्या आहे. पाढ्यांतही सतराचा पाढा मुलांच्या नावडीचाच. सतरा त्रिक एक्कावन्नपर्यंत स्वर चढलेला असतो आणि सतरा चोक अडुसष्टला तो हमखास खाली येतो. पण याच सतराने १७९६ साली अठरा वर्षांच्या गाऊसला कीर्ती मिळवून दिली. समान बाजूंची सतरा कोनी आकृती केवळ पट्टी आणि कंपासने काढता येते, हे त्याने सिद्ध केले, आणि कोन दोनदा दुभागण्याचीच काय ती भर घातली की समान बाजूंची अडुसष्टकोनी आकृतीही काढता येते. मी एकदा प्रयत्न करून पाहिला. कागदावर जे उमटले ते वर्तुळच दिसत होते.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय कापरेकर यांनी ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला ‘हर्षद’ असे सुंदर नाव दिले होते. सहा आणि आठ चौदा. चौदाने अडुसष्टला भाग जात नाही, तेव्हा ती हर्षद नाही. मात्र गणितात ‘आनंदी’ म्हणवणाऱ्या संख्यांचीही एक वेगळी जात आहे. अंकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, आलेल्या संख्येवर पुन्हा तीच क्रिया करायची आणि असे करत अखेर एकावर पोहोचलो तर मूळची संख्या आनंदी समजायची. सहाचा वर्ग छत्तीस, आठाचा चौसष्ट, बेरीज बरोबर शंभर. शंभराची बेरीज एक. दोन पावलांत मुक्काम. म्हणजे दुसऱ्याला हर्ष देण्याची हमी नाही, पण स्वतः आनंदात. अशी माणसेही माझ्या पाहण्यात आहेत. शिवाय बेरजेत सहा आधी की आठ आधी याने काहीच बिघडत नाही, त्यामुळे माझी चुकीची ८६ देखील तितकीच आनंदी होती.

या संख्येचा मला सर्वांत आवडणारा गुण म्हणजे तिचे ‘शेवटचे’ असणे. १७४२ साली गोल्डबाखने ऑयलरला लिहिलेल्या पत्रातून एक अनुमान पुढे आले: दोनाहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. चारवर अठरा शून्ये, म्हणजे आपल्या जुन्या मोजणीतले चाळीस परार्ध, इथवर संगणकाने तपासूनही त्याला अपवाद मिळालेला नाही आणि ते सिद्धही झालेले नाही. ६८ च्या अशा जोड्या दोनच: ७ आणि ६१, ३१ आणि ३७. संख्या मोठ्या होत जातात तशा जोड्या साधारणपणे वाढत जातात, आणि आजवर तपासलेल्या सम संख्यांत दोनच जोड्यांवर भागवणारी, अडुसष्टहून मोठी अशी एकही आढळलेली नाही. त्या थोडक्या जोड्यांच्या रांगेत ती अखेरची उभी आहे.

दुसरे शेवटचेपण पायच्या दशांशातले. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या या गुणोत्तराचे अंक ओळीने वाचत गेलो तर दोन अंकी जोड्या एकामागून एक भेटत जातात, आणि ००पासून ९९पर्यंतच्या शंभर जोड्यांत सर्वांत उशिरा येते ती ६८. सहाशे अंक उलटून गेल्यानंतर तिचे पहिले दर्शन होते. विल्यम शँक्सने वर्षानुवर्षे हाताने आकडेमोड करून १८७३ साली ७०७ दशांश स्थळे प्रसिद्ध केली होती, पण त्याची ५२८ व्या स्थळी चूक झाली होती आणि ती विसाव्या शतकात उघडकीस आली. याचा अर्थ, त्याच्या आकड्यांचा जेवढा भाग बरोबर होता, त्यात अडुसष्ट आलीच नव्हती. कष्टाळू माणसाला ती नेमकी पुढच्या वळणावर हुकली. वही लिहिणाऱ्याला हे दुःख कळते.

आणखी एक गोष्ट मला अलीकडे सापडली. कापरेकरांनी संख्या ‘जन्माला घालण्याची’ एक रीत सांगितली होती. कोणतीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. येणारी संख्या तिचे अपत्य. ज्यांना असा कोणीच जनक नसतो, अशा संख्याही निघतात. त्यांना आपण स्वयंभू म्हणू. सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगे स्थापन केलेली आहेत, तेव्हा संख्येचे काय, या कुतूहलाने मी कागद घेऊन बसलो. ६८ स्वयंभू नाही. तिचा एकच जनक आहे, ६१, कारण सहा आणि एक सात आणि एकसष्ट अधिक सात अडुसष्ट. म्हणजे गोल्डबाखची ७ आणि ६१ ही जोडी इथे पुन्हा भेटली, आणि त्यातला सात हा एकसष्टच्याच अंकांतून निघालेला. त्या रात्री मला झोप लागायला उशीर झाला.

अण्णा आता थकले आहेत, दुकान सुटून बरीच वर्षे झाली, पण आकडा दिसला की त्यांचा चष्मा अजून नाकावर येतो. मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एकसष्टखाली बोट ठेवून सात मिळवून पाहिले, मान डोलावली आणि विचारले, ‘‘आणि तुझ्या त्या शहाऐंशीचा बाप कोण?’’

‘‘कोणी नाही, अण्णा. ती स्वयंभू आहे.’’

‘‘तरीच,’’ कागद परत देत ते म्हणाले, ‘‘आपल्या वहीत ती आपोआप उगवली होती.’’