नऊचे अकरा झाले म्हणजे काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला ओपीडीबाहेरच्या बाकावर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा तर भाजी घेताना आला. "मॅडम, मागच्या एमआरआयमध्ये डाग नऊ होते, आता अकरा लिहिलेत. म्हणजे आजार वाढला ना?"

सगळ्यात नेटका विचारला तो एका काकांनी. बँकेतून निवृत्त झालेले, मुलीला मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते; तशा जागा एमआरआयमध्ये डागांसारख्या दिसतात. दोनशेपानी वहीत पासबुकासारखे रकाने आखलेले: तारीख, डाग, फरक. मी औषधं लिहून देत नाही, मेंदूच्या प्रतिमांवर मोजमाप करते. तेव्हा मोजणाऱ्या बाईलाच विचारावं, असा त्यांचा हिशेब.

मी विचारलं, "दोन्ही स्कॅन एकाच मशीनवर काढलेत का?" नव्हते. पहिला पुण्यात कॅम्पात दीड टेस्लाच्या मशीनवर, दुसरा सिंहगड रस्त्याला तीन टेस्लाच्या. टेस्ला म्हणजे मशीनमधल्या चुंबकाची ताकद. निम्मा प्रश्न तिथेच विरघळला. तीन टेस्लावर बारीक डाग जास्त दिसतात. शिवाय स्कॅनमधले मेंदूचे काप पाच मिलिमीटर जाडीचे असले, तर तीन मिलिमीटरचा डाग पुसट होऊन हरवतो आणि पुढच्या वेळी डोकं जरा वेगळं ठेवलं गेलं की उगवतो. शेजारशेजारचे दोन डाग वाढून भिडले तर मोजणीत एकच उरतो. आजार वाढतो, आकडा घटतो! यात मी स्वतः फसलेय. नवीन असताना एका मीटिंगमध्ये मोठ्या उत्साहाने सांगितलं, की या पेशंटचे डाग कमी झालेत. सरांनी काही न बोलता दोन्ही प्रतिमा एकमेकींवर ठेवायला लावल्या. डाग कमी नव्हते झाले, जुळले होते.

बरं, आकडा अचूक मिळाला तरी डाग कुठे बसलाय हे त्यात येत नाही. पेठेतला एक बोळ खणून ठेवला तर आपण शेजारच्या बोळातून निघतो. लकडी पुलाच्या तोंडाशी खणलं तर अख्खं डेक्कन तुंबतं. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला भलेमोठे डाग असलेली माणसं रोज ऑफिसला जातात. मज्जारज्जूत मात्र जागाच चिंचोळी. तिथे एवढासा डाग पडला तरी पाय ओढत चालायची वेळ येते. 1981 साली लंडनमध्ये एमआरआयने पहिल्यांदा हे डाग दाखवले, सीटीवर न दिसणारेसुद्धा, तेव्हा वाटलं असेल की आता आजार मोजता येणार. पुढे लक्षात आलं, की डाग आणि त्रास यांचा मेळ म्हणावा तसा बसत नाही. फ्रेडरिक बार्कहॉफ या डच रेडिओलॉजिस्टनी 2002 मध्ये या कोड्यावर लेख लिहिला. आम्ही अजून त्याच कोड्यात आहोत.

काकांची मुलगी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मे महिन्यात दुपारी बाहेर पडले की डावा डोळा धूसर होतो. घरी येऊन पंख्याखाली बसले की ठीक. बाबांच्या वहीत हे नाहीच." खरंच नव्हतं. मायलिनचं आवरण गेलेल्या चेतातंतूतून संदेश आधीच कसाबसा जातो. अंग तापलं की तोही अडतो. अशी तात्पुरती धूसर होणारी नजर उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये नोंदवली. त्रास खरा, पण नवा डाग एकही नाही.

माझं बरंचसं काम आता डागांच्या पलीकडचं आहे. निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला साधारण 0.1 ते 0.3 टक्के आकसतो. या आजारात, उपचार नसतील तर, 0.5 ते 1 टक्का. एवढासा फरक पकडायचा, आणि माणूस निर्जळी उपास करून आला तरी मेंदू किंचित लहान भरतो!

मग डाग मोजूच नयेत का? तसं नाही. नवा डाग म्हणजे मागच्या स्कॅननंतर आजाराची आग भडकली होती; कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून दिलेलं औषध, दिल्यावर उजळणारा डाग म्हणजे ती आत्ता धुमसतेय. त्यावरून डॉक्टर औषध बदलू शकतात. पण "नवा" म्हणायला जुना स्कॅन त्याच पद्धतीने काढलेला हवा. काकांना मी एवढंच सांगितलं: शक्यतो तेच मशीन, तोच प्रोटोकॉल (स्कॅन काढायची ठरलेली पद्धत), आणि फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोजत बसू नका, सीडी जपून ठेवा.

वर्षाने ते आले. सीडी व्यवस्थित पाकिटात. वहीत दोन नवे रकाने: "मशीन" आणि "ऊन". उन्हाच्या रकान्यात मुलीच्या अक्षरात तारखा होत्या. मशीनच्या रकान्यात तिसऱ्याच सेंटरचं नाव.

मी वर पाहिलं. काका म्हणाले, "तिथे आठशे रुपये कमी होते."