१४३ च्या जागी १३५

मोबाईलमुळे मेंदूचा कर्करोग होतो का, हे वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच. म्हणून संख्याशास्त्र शिकवताना बायनॉमियलवरून (इतक्या जणांपैकी किती जणांच्या बाबतीत एखादी गोष्ट घडेल, याची नेमकी शक्यता) नॉर्मलकडे (तीच शक्यता घंटेच्या आकाराच्या वक्रावरून अंदाजे काढणं) वळताना मी डेन्मार्कचाच दाखला घेते. तिथे १९६८ पासून प्रत्येकाला ओळख क्रमांक आहे आणि कर्करोगाची राष्ट्रीय नोंदवही त्याहूनही जुनी. १९८२ ते १९९५ या काळात मोबाईल घेतलेल्या ४,२०,०९५ जणांची नोंद संशोधकांनी त्या वहीशी ताडून पाहिली आणि २००१ साली निष्कर्ष छापले.

पाठ्यपुस्तकात त्याचं गणित असं येतं: या लोकांपैकी १३५ जणांना मेंदूचा किंवा मज्जासंस्थेचा कर्करोग झाला, आणि मोबाईल न वापरणाऱ्यांतला दर ०.०३४० टक्के. म्हणजे १४३ च्या आसपास (नेमके १४२.८) रुग्ण अपेक्षित होते. मग मोबाईलने कर्करोग टळतो म्हणायचं? मुलं हसतात, पण उत्तर काढून दाखवावं लागतं. प्रमाण विचलन, म्हणजे आकडा योगायोगाने साधारण किती हलतो त्याचं माप, इथे १४३ च्या वर्गमुळाइतकं, जवळपास १२. मोबाईलचा काडीचाही संबंध नसता तरी आकडा बारा-बाराने वरखाली होणारच. पूर्णांकातली मोजणी सलग वक्रावर बसवायला अर्ध्याची दुरुस्ती करून १३५.५ घेतलं की झेड, म्हणजे अपेक्षित आकड्यापासूनचं प्रमाण विचलनांत मोजलेलं अंतर, येतो उणे ०.६१ आणि शक्यता ०.२७. शंभरातल्या सत्तावीस वेळा नुसत्या योगायोगाने १३५ किंवा त्याहून कमी रुग्ण निघतील.

यापुढे मी फळ्यावर १५० लिहिते. तेवढे निघाले असते तर ‘मोबाईलमुळे कर्करोगात पाच टक्के वाढ’ असा मथळा सहज झाला असता. पण तेही अठ्ठावीस-एकोणतीस टक्के वेळा आपसूक घडतं. योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांखाली जाऊन संशय घ्यायला १६३ च्या घरात जावं लागतं. संगणक आज नेमकी बायनॉमियल शक्यता क्षणात देतो, तरीही मी नॉर्मल मन लावून शिकवते ते या वर्गमुळासाठी. पेपर वाचता वाचता ते मनातल्या मनात काढता येतं.

मोजणीत कोण आलं, हे मात्र झेड सांगत नाही. त्या अभ्यासातून कंपन्यांच्या नावावरचे दोन लाखांवर ग्राहक वगळले होते. त्या काळात सर्वांत जास्त बोलणारे बहुधा तेच, आणि ते मोबाईल न वापरणाऱ्यांच्या, म्हणजे तुलनेच्या गटात जाऊन बसले. ही टीका मला रास्त वाटते.

आमच्या कॉलनीत मोबाईल टॉवरविरुद्ध सह्या गोळा करणारे काका परवा म्हणाले, “मॅडम, हजार माणसांच्या वस्तीत दोन ब्रेन ट्यूमर. हे तुमच्या गणितात बसतं?” दोन्ही घरांत माझं जाणं-येणं आहे, त्यामुळे मी घाईने उत्तर दिलं नाही. डेन्मार्कचाच दर धरला तर हजारात ०.३४ रुग्ण अपेक्षित. इथे नॉर्मल चालतच नाही, अपेक्षित आकडा निदान पाच तरी हवा. विरळ घटनांसाठी वापरतात त्या पॉइसनच्या सूत्राने काढलं तर दोन किंवा जास्त निघण्याची शक्यता साडेचार टक्के. ऐकायला कमी वाटते, पण अशा शंभर कॉलन्यांपैकी चार-पाच ठिकाणी टॉवर असो-नसो हेच दिसेल, आणि सह्यांचा कागद फिरतो तो नेमका तिथेच.

काकांना मी हे सगळं कागदावर मांडून दिलं आणि विचारलं, दोघांचं निदान कधी झालं, गाठ एकाच प्रकारची आहे का, टॉवर कोणत्या साली उभा राहिला? त्या घरांना पुन्हा त्रास न देता जेवढं कळेल तेवढं काढतो, म्हणाले.