सँटोरिनीचा रिकामा मोसम आणि आमची महाद्वारातली गल्ली

सँटोरिनी या ग्रीक बेटावरच्या फिरा गावात बसमधून उतरलो तेव्हा कानावर आला तो फरशी कापायच्या मशीनचा आवाज, आणि त्याच्या मागून खेचरांच्या गळ्यातल्या घंटांचा. समुद्राचा आवाज वरपर्यंत येतच नाही. गाव पाण्यापासून दोनशे मीटरहून उंच, कड्याच्या अगदी काठावर वसलंय. सँटोरिनी म्हटलं की आपल्याला निळे घुमट, पांढऱ्या भिंती आणि लांब झगे घालून फोटो काढून घेणाऱ्या नव्या नवऱ्या आठवतात. घुमट आणि भिंती जागेवर होत्या. नवऱ्या नव्हत्या. त्यांच्या जागी शिड्या, ताडपत्र्या, वाळूचे ढीग आणि चुन्याच्या बादल्या.

नोव्हेंबरचा शेवट होता. आमचं लॉज कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळ, महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. घराबाहेर पडायचं तर आम्हाला दोन गर्द्यांच्या मधली फट शोधावी लागते. नवरात्र झालं, दिवाळीची सुट्टी झाली, ९ ते ११ नोव्हेंबरचा किरणोत्सव (मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात तो) झाला आणि नाताळच्या सुट्टीला अजून अवकाश होता. लेक जर्मनीत नोकरीला आहे. तिनं अथेन्सची तिकिटं काढली. मिस्टर म्हणाले, "लॉजचं मी बघतो, तू ये जाऊन."

अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोटीनं आठेक तास लागतात. त्यातला बराचसा वेळ मी झोपले, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बोट लागते ती अथिनियोसच्या धक्क्याला. मला बघायचं होतं ते दुसरं, जुनं बंदर. क्रूझची माणसं जिथं उतरतात ते.

क्रूझच्या जहाजाला इथं धक्काच नाही. ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराला इथला ज्वालामुखी फुटला, बेटाचा मधला भाग खचला आणि तिथं समुद्र शिरला. त्या बुडालेल्या तोंडाला काल्डेरा म्हणतात. पाणी इतकं खोल, की काही ठिकाणी तळ साडेतीनशे मीटरच्याही खाली आहे. त्यामुळे मोठी जहाजं मध्येच उभी राहतात आणि लाँच भरभरून माणसं कड्याच्या पायथ्याशी आणून सोडतात. तिथून वर गावात यायला रोपवे, खेचर, नाहीतर ५८८ पायऱ्या. जोतिबाच्या पायऱ्या चढायची सवय असल्यानं आम्ही उतरताना-चढताना पायऱ्याच धरल्या.

खाली पोचलो तर बंदरावर त्या दिवशी एकही जहाज नव्हतं. हॉटेलांच्या काचांना आतून कागद लावलेले, खुर्च्या एकीवर एक रचून दोरीनं बांधलेल्या. एक म्हातारा पिवळं जाळं मांडीवर घेऊन शिवत बसला होता. रोपवेच्या दारापुढे लोखंडी बारांची नागमोडी रांग, आपल्या दर्शनरांगेसारखीच, आणि तिच्यात एक मांजर. बारांवरचा रंग मात्र हाताच्या उंचीला सगळीकडे उडालेला होता. लोक किती वेळ तिथं धरून उभे राहत असतील ते त्या उडालेल्या रंगावरून कळत होतं. मी त्या बारावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. आमच्याकडच्या रांगेतल्या बारांनाही अगदी त्याच उंचीला तशीच झिलई आलेली आहे.

२०२३ मध्ये या बेटावर सुमारे ८०० क्रूझ जहाजं आणि त्यांतून १३ लाखांच्या आसपास माणसं आली. बेटावर कायम राहणारे लोक पंधरा हजारांच्या घरात. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. क्रूझची माणसं रात्री राहत नाहीत, सकाळी येऊन संध्याकाळी जातात. पाणी, कचरा आणि रस्ता मात्र त्यांना गावाचाच लागतो. म्हणून आता दिवसाला क्रूझचे ८००० प्रवासी ही मर्यादा घातलीय. शिवाय जुलै २०२५ पासून उतरणाऱ्या प्रत्येकामागे कर आहे: ऐन उन्हाळ्यात २० युरो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये १२, आणि नोव्हेंबर ते मार्च फक्त ४. मला ही रचना फार आवडली. यायला बंदी नाही. गर्दीत आलात तर जास्त द्या, रिकाम्या दिवसांत आलात तर कमी.

चढताना वाटेत खेचरांची माळ भेटली. उन्हाळ्यात माणसं वाहतात, आता सिमेंट. या गल्ल्यांत टेम्पो जात नाही, हातगाडी पायऱ्यांवर चालत नाही, त्यामुळे एखाद्या घराची फरशी बदलायची तर सामान जनावराच्या पाठीवरूनच आणायचं आणि राडारोडाही तसाच न्यायचा. पुढच्या खेचराच्या लाकडी खोगिराला दोन्ही बाजूंनी एकेक पोतं बांधलं होतं, खाली जुन्या घोंगडीची घडी. वळण आलं की खेचरवाला थांबायचा, घोंगडीखाली हात घालायचा, कातडं किती ओलं झालंय ते चाचपायचा, दोर अर्धा बोट सैल करायचा आणि मगच पुढं. खेचर त्याच्याकडे मान वळवून बघायचं. २०१८ मध्ये ग्रीसनं नियम केला, की जनावरावर १०० किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त ओझं लादायचं नाही. सीझनमध्ये तो किती पाळला जातो यावरून तिथं वाद आहेत. पण त्या पायऱ्यांवर ज्या माणसाला मी पाहिलं, त्याचा हात नियमाच्या आधीपासून ते जाणत असणार.

आम्ही उतरलो होतो ते घर कड्यात खोदलेलं. ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट थर कोरून आत खोल्या केलेल्या, छत कमानीसारखं गोल. इथली जुनी घरं अशीच. मालकीणबाई माझ्याच वयाच्या असतील. सकाळी बघितलं तर गुडघ्याखाली गोणपाट घेऊन अंगणातल्या फरशीच्या सांध्यांना चुना लावत होत्या. बारीक ब्रश, हात न थरथरता, दगडाच्या कडेकडेनं. मी बराच वेळ बघत राहिले, मग राहवलं नाही, दुसरा ब्रश उचलला. त्यांनी आधी नको नको केलं, मग मला कोपऱ्यातली ओळ दिली. लेक म्हणाली, "आई, अगं सुट्टीवर आलीयस ना तू?" पण हातातला ब्रश सोडवेना.

काम करता करता लेकीच्या मध्यस्थीनं गप्पा झाल्या. मी विचारलं, प्लास्टिक पेंट का नाही लावत, दरवर्षीची कटकट वाचेल. त्यांनी मला आत नेलं आणि भिंतीवर माझा तळहात टेकवला. राखेची भिंत ओल धरते आणि सोडते. चुन्यातून ती ओल बाहेर पडते. वरून प्लास्टिक पेंट मारला की आत कोंडते आणि पोपडे धरते. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या लॉजच्या मागच्या बाजूच्या तीन खोल्या आल्या. जुन्या दगडी भिंती, त्यावर चांगल्यातला पेंट, आणि दर पावसाळ्यानंतर कॉटच्या उशाशी पडलेले पापुद्रे. यापूर्वी अनेक कारागिरांनी त्या भिंती बघितल्या, प्रत्येकानं आणखी महागातला पेंट सुचवला. भिंतीला श्वास घेऊ द्या, असं कुणी म्हणालं नव्हतं.

त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मी इथं लिहून ठेवते. "उन्हाळ्यात मी नवऱ्याशी फक्त चादरींबद्दल बोलते." लेकीनं ते मराठीत सांगितलं तेव्हा मला भरून आलं. मे महिन्यात आमच्या घरात दुसरं काय बोललं जातं? किती नंबरची खोली खाली झाली, गिझर लागला का, टाकीत पाणी किती, लाँड्रीवाला आला का. मालकीणबाईंकडे आता मात्र नवरा-बायको रोज दुपारी एकत्र जेवतात, नातू शाळेतून आला की चौकात फुटबॉल खेळतो, संध्याकाळी कुणीतरी येऊन बसतं. जेवायला आम्हालाही थांबवलं. नाताळाआधीच्या चाळीस दिवसांचा त्यांचा उपवास चालू होता, त्यामुळे मटण वगैरे काही नाही. फावा होता. फावा म्हणजे इथलं पिवळं, डाळीसारखं धान्य, आपल्या लाखेच्या डाळीच्याच कुळातलं, शिजवून घोटलेलं. वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. मी दोनदा घेतलं. या जमिनीत, जवळजवळ पाण्याशिवाय येणारं हे पीक आहे. द्राक्षंही तशीच. वारा इतका, की वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीलगत टोपलीसारखी गोल वळवतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. नोव्हेंबरात पानं गळून गेल्यावर काळ्या मातीवर नुसती वेटोळी दिसत होती.

२०२५ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपांबद्दल मालकीणबाई कमी बोलल्या. दिवसरात्र धक्के बसत होते, शाळा बंद, हजारो लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. त्या अथेन्सला मुलाकडे गेल्या आणि परतल्या त्या थेट रंगकामाला लागल्या. ९ जुलै १९५६ चा मोठा भूकंप त्यांच्या आईनं लहानपणी पाहिला होता. त्यात पन्नासहून जास्त माणसं गेली, इया गावाची पडझड झाली आणि कितीतरी कुटुंबं कायमची बाहेर पडली. आक्रोतिरीला गेलो तेव्हा हे सारखं मनात येत होतं. ज्वालामुखीच्या त्या जुन्या स्फोटात राखेखाली गाडलेलं ते गाव १९६७ पासून स्पिरिदॉन मारिनातोस यांनी खणायला सुरुवात केली. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गटारं, ओळीनं मोठाले रांजण, सगळं आहे. माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. लोक वेळेवर निघून गेले असावेत. आम्ही गेलो तेव्हा आत जेमतेम दहा-बारा माणसं होती आणि रांजणांपुढे पाहिजे तितका वेळ उभं राहता आलं.

एवढं सांगून झाल्यावर रिकाम्या मोसमात जाण्याबद्दल थोडं. वारा फार असतो. एका सकाळी वाऱ्यामुळे बोटींना सुटायची परवानगीच नव्हती, म्हणून मुक्काम लांबला, तेव्हा परतीच्या विमानाला एक दिवस मोकळा ठेवूनच निघा. पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. बरीचशी दुकानं आणि हॉटेलं बंद असतात, पण बेकरी, किराणा, औषधांचं दुकान, गावातल्या माणसांच्या खानावळी चालू असतात, आणि तिथलं जेवण स्वस्तही असतं. समुद्रात पोहायचं असेल तर हे दिवस नव्हेत. गाव बघायचं असेल तर हेच.

आता आमच्या गल्लीबद्दल. नवरात्रात कोल्हापुरात दिवसाला लाखांच्या घरात भाविक येतात आणि यावेत, ती आमची आई आहे. पण पूर्वी नवरात्र, दिवाळी, मे महिना एवढेच गर्दीचे दिवस होते. आता प्रत्येक शनिवार-रविवार, प्रत्येक जोडून आलेली सुट्टी. सलग मोठी उसंत मिळते ती फक्त आषाढात, आणि तेव्हा आमच्याकडे असा पाऊस असतो की भिंतीला हात लावता येत नाही. म्हणजे दुरुस्तीचे कोरडे दिवस बहुतेक गर्दीचे आणि रिकामे दिवस बहुतेक ओले. गटारं तुंबतात ती म्हणून. ड्रेनेजची पाइप फुटली की रात्री दोनला खणायचं आणि पहाटे काकड आरतीच्या आत बुजवायचं. नीट काम कुणी करूच शकत नाही. सूर्याची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीपर्यंत पोचतात त्या वाटेतले अडथळे काढा, असं कित्येक वर्षं बोललं जातंय. तेसुद्धा अशाच कारणानं रेंगाळत असणार, रस्ता रिकामा असतोच कधी?

दर्शनाला आकडा ठरवणं अवघड आहे, भावनेचा प्रश्न आहे, मला मान्य आहे. पण येण्याचे दिवस पसरवता येतील. गर्दीच्या दिवशी पार्किंग महाग करा, कोरड्या आणि मोकळ्या दिवसांत ते फुकट ठेवा. लॉजवाल्यांनीही मंगळवार-बुधवारचे दर खरेच खाली आणावेत. आम्ही या महिन्यापासून आणलेत. गल्लीतल्या सगळ्यांशी मी बोलतेय, दोघे तयार झालेत.

आणि दुसरं म्हणजे, पुढच्या वर्षी किरणोत्सव संपला की नोव्हेंबरच्या उरलेल्या दिवसांत आमचं लॉज पूर्ण बंद राहील. मागच्या तिन्ही खोल्यांचा पेंट खरवडून भिंती सुकू द्यायच्या आहेत आणि मग चुना. चुना भिजवून नीट मुरवणारे जुने गवंडी अजून काम घेतात अशी चौकशी लागलीय. कळंबा किंवा गारगोटीकडचं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा. त्या दिवसांचं बुकिंग मागणाऱ्या नेहमीच्या पाहुण्यांना मी शेजारचं लॉज सुचवेन, त्यांच्याशी बोलून ठेवलंय.